२१० ते ३४० : वाढ किती, फुगवटा किती?

२०१३-१४ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला २१० रुपये होती. २०२४-२५ मध्ये ती ३४० झाली. अकरा वर्षांत ६२ टक्के वाढ. याच अकरा वर्षांतले किरकोळ महागाईचे वार्षिक आकडे एकावर एक चढवत नेले, तर भाव ७२ टक्क्यांनी वाढलेले दिसतात. म्हणजे दर वाढला, तरी बाजाराच्या मागेच राहिला.

हिशेब एवढ्यावर थांबत नाही. २१० रुपये साडेनऊ टक्के साखर उताऱ्याला होते, ३४० रुपये सव्वादहा टक्क्यांना. मधल्या काळात पायाच वर सरकवला गेला. २०१८-१९ मध्ये तो दहा टक्के झाला आणि २०२२-२३ मध्ये सव्वादहा. त्यामुळे नुसते २१० आणि ३४० शेजारी मांडणे म्हणजे शेर आणि किलोची तुलना. कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात चढा असतो, म्हणून बारा टक्के धरून पाहू. २०१३-१४ मध्ये पायाच्या वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये २१ पैसे मिळत होते. त्या हिशेबाने क्विंटलला २६५ रुपये २५ पैसे. २०२४-२५ मध्ये प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. बेरीज ३९८ रुपये १० पैसे. वाढ ६२ नव्हे, ५० टक्के. महागाईशी नुसती बरोबरी साधायची तरी ४५५ रुपयांच्या वर दर हवा होता. टनाला सुमारे ५७५ रुपये कमी पडले. एकरी ४० टन ऊस धरला तर एकराला २३ हजार.

हुपरीचा जवाहर, इचलकरंजीच्या गंगानगरातला पंचगंगा, नरंद्याचा शरद, असे साखर कारखाने असलेल्या हातकणंगले तालुक्यात हा आकडा किरकोळ नाही. काही हंगामांत इथल्या कारखान्यांनी एफआरपीच्या वर दर दिला, हे खरे. इथली तुलना फक्त कायद्याने हमी दिलेल्या दराची आहे.

‘पैशाकडे बघायची दृष्टी बदला, श्रीमंत व्हाल’ असे सांगणाऱ्या पुस्तकांना आणि व्याख्यानांना हल्ली तोटा नाही. त्यांच्यापुढे हे २३ हजार आधीच ठेवलेले बरे. ते कुणाची दृष्टी चुकली म्हणून गेलेले नाहीत. दर ठरवणारे दिल्लीत बसतात आणि शेतकऱ्याने सकाळी उठून कितीही सकारात्मक विचार केला तरी उताऱ्याचा पाया खाली येत नाही. दृष्टीचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, बिल खात्यावर जमा झाल्यावर.

एकरकमी

ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचे, ही त्यातली तरतूद. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा निर्णय काढला. त्याविरुद्ध राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले. २००९ आणि २०१४ असे दोनदा हातकणंगल्याचे खासदार राहिलेले शेट्टी आणि त्यांची स्वाभिमानी शेतकरी संघटना यांची ‘एकरकमी एफआरपी’ ही जुनी मागणी. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचा तो निर्णय रद्द ठरवला.

आंदोलनाचे राजकारण घडीभर बाजूला ठेवा. या मागणीच्या मुळाशी अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. आज मिळणारा रुपया आणि सहा महिन्यांनी मिळणारा रुपया एकच नव्हे. अर्थशास्त्राची पदवी घ्यायला पुण्याला जाणाऱ्या पोराला हे दुसऱ्या सत्रात शिकवतात. इथे ते ऊस परिषदेच्या मैदानात तोंडपाठ आहे.

आता हाच धडा घरात लावून बघू. तीन एकर, १२० टन ऊस आणि तोडणी-ओढणी वजा जाता टनाला ३,१०० रुपये हाती येतात असे धरले, तर बिल ३ लाख ७२ हजारांचे. कारखान्याने ते तीस दिवस उशिरा दिले तर कायद्याच्या १५ टक्क्यांनी व्याज होते सुमारे ४,६०० रुपये. त्यासाठी रास्ता रोको होतो आणि व्हायलाही हवा. पण तेच बिल बचत खात्यावर आले आणि वर्षभर थोडे थोडे उचलत गेले, तर सरासरीने निम्मी रक्कम, म्हणजे १ लाख ८६ हजार, खात्यावर पडून राहते. २०२४-२५ मध्ये स्टेट बँकेचे बचत खाते २.७ टक्के व्याज देत होते आणि महागाई ४.६ टक्के होती. फरक १.९ टक्के, रुपयांत साडेतीन हजारांच्या वर. कारखान्याच्या महिनाभराच्या उशिराला लागणाऱ्या रकमेच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. इथे मात्र रास्ता रोको करायला कुणी समोर नाही. रुपया कारखान्याकडे पडून राहिला तर तो थकलेला, आपल्या खात्यावर पडून राहिला तर तो ‘शिल्लक’.

यावर रास्त आक्षेप आहे. उसाचे पैसे वर्षातून एक-दोनदाच येतात. मधे दवाखाना, लग्न, मोटर जळणे हे चालूच. पैसा हाताशी लागतोच. लागतो, पण सगळा लागत नाही. दोन-तीन महिन्यांचा खर्च खात्यावर आणि बाकीच्या रकमेच्या वेगवेगळ्या महिन्यांना सुटणाऱ्या छोट्या ठेवी, एवढे केले तरी पुरते. २०२४-२५ मध्ये स्टेट बँकेत वर्षाच्या ठेवीला ६.८ टक्के मिळत होते. बचत खात्यापेक्षा ४.१ टक्के जास्त. १ लाख ८६ हजारांवर साडेसात हजार. १,३५० रुपयांप्रमाणे डीएपीची पाच पोती आणि वर थोडी मोड. अशाने कुणी श्रीमंत होत नाही, हे कबूल. पण ज्याला ही पाच पोती दिसत नाहीत त्याला पुढची मोठी गणितेही दिसणार नाहीत, असे माझे मत आहे.

ठेव कुठे ठेवायची, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात नाजूक. गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त देतात. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, त्याआधी ते एक लाखच होते. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. इचलकरंजीच्या शिवम सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे तिने सांगितले, ते या विम्याच्या जोरावर. जादा दीड टक्का म्हणजे लाखाला वर्षाला दीड हजार. लाखच अडकण्याची जोखीम त्या दीड हजारात बसते का, हे विचारल्याशिवाय पावती करू नये.

सोसायटीचे कर्ज

सर्वांत स्वस्त पैसा मात्र ठेवीत नाही, कर्जात आहे. राज्यात २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्के पडते. जिल्हा बँकेकडून विकास सेवा संस्थेला, तिथून शेतकऱ्याला, आणि वसुली थेट ऊस बिलातून, अशी इथली जुनी साखळी. महागाई ४.६ टक्के असताना शून्य टक्क्याने घेतलेले तीन लाख वर्षाने तीनच लाख परत करायचे म्हणजे १३,८०० रुपयांची क्रयशक्ती आपल्याकडे राहिली. महागाई ठेवीदाराला खाते आणि कर्जदाराला खाऊ घालते. आपल्याकडे महागाईची चर्चा नेहमी पहिल्याच अंगाने होते.

अट एकच, मुदत. ती चुकली की सवलत गेली आणि व्याज सुरू. म्हणून मुदतीच्या आठवड्यात ‘नवं-जुनं’ करायला, म्हणजे जुने कर्ज फेडून नवे उचलायला, माणसे महिना तीन टक्क्यांनी हातउसने उचलतात. तीन लाखांना पंधरा दिवसांचे साडेचार हजार. १३,८०० मधून ते वजा केले तरी व्यवहार फायद्यात राहतो, हे विशेष. याउलट माफीची वाट बघत मुद्दाम थकीत राहणारा आज ठरलेली सवलत सोडून उद्याच्या घोषणेवर डाव लावतो. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत थकबाकीदारांची दोन लाखांपर्यंत माफी झाली आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठरले. त्या आकड्यांनी चुकीचा धडा दिला, यात शंका नाही. नियमित फेडणाऱ्याने काय समजायचे?

आणि एकाच घरात एकीकडे सात टक्क्यांची ठेव पावती देव्हाऱ्याच्या खणात, तर दुसरीकडे बायकोच्या नावावर चोवीस टक्क्यांचे मायक्रोफायनान्सचे कर्ज, हे दृश्य नवीन नाही. पन्नास हजारांवर कर्जाचे व्याज वर्षाला बारा हजारांपर्यंत जाते, ठेवीचे साडेतीन हजार येते. पावती मोडून कर्ज फेडले तर साडेआठ हजार वाचतात. तसे होत नाही, कारण ‘पावती मोडली’ हे ऐकायला वाईट वाटते. दृष्टी बदलायचीच असेल तर इथून सुरुवात करावी. चोवीस टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे चोवीस टक्क्यांची बिनजोखीम गुंतवणूक. तेवढा परतावा इमानदारीने देणारे दुसरे काही बाजारात नाही. महिना पाच टक्के देतो म्हणणारे भेटतात, पण चक्रवाढीने ते वर्षाला ८० टक्के होतात. एवढे कमावणारा माणूस आपल्या दारात पाच हजार मागायला का येईल?

हुपरीचा किलो

हुपरी याच तालुक्यात. पैंजण, जोडवी, करगोटे घडवणारे हे चांदीचे गाव, आणि रुपया फसवा कसा असतो हे चांदीचे काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. समजा एकाकडे दहा किलो चांदीचा माल आहे. किलोला लाख रुपये भाव असताना त्याने तो विकला, दहा लाख आले. नवी चांदी घ्यायला जाईपर्यंत भाव दोन लाख झाला. आता दहा लाखांत पाचच किलो येते. रुपये तेवढेच, धंदा निम्मा. म्हणून या धंद्यात शिल्लक रुपयांत मोजणारा कधी बुडाला ते त्यालाच कळत नाही. किलोत मोजणारा टिकतो. २०२५ च्या अखेरीस चांदीने किलोला दोन लाखांचा टप्पा ओलांडला, तेव्हा हे उदाहरण कागदावरचे राहिले नाही.

पण याच चांदीची दुसरी बाजू विसरून चालत नाही. एप्रिल २०११ मध्ये चांदी किलोला ७३ हजारांवर गेली होती. २०१५ च्या अखेरीस ती ३४ हजारांच्या आसपास होती. पुन्हा ७५ हजारांच्या वर जायला ऑगस्ट २०२० उजाडला. नऊ वर्षांनी रुपये परत आले, पण दरम्यान औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार भाव पावणेदोनपटीच्या वर गेले होते. शिखरावर चांदी घेतलेल्याला नऊ वर्षांनी मिळालेला पैसा पूर्वीच्या निम्म्याहून थोडाच जास्त माल आणत होता. ‘सोने-चांदी कधी बुडत नाही’ हे वाक्य तारीख न सांगता उच्चारले जाते, हा त्यातला दोष.

दागिन्यात तर आणखी एक गळती आहे. दहा टक्के घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी धरला, तर लाख रुपयांत ८८ हजारांचे सोने हाती येते. पावणेबारा टक्के पहिल्याच दिवशी गेले. अडीच वर्षांची महागाई दुकानाच्या पायरीवर भरून टाकली. लग्नातला दागिना हौस म्हणून घ्यावा, त्याला गुंतवणूक म्हणू नये.

दामदुप्पट

आपल्याकडे ‘दुप्पट’ या शब्दाला मोठे वजन. किसान विकास पत्र साडेसात टक्क्यांनी ११५ महिन्यांत दुप्पट होते. नऊ वर्षे सात महिने. या काळात महागाई ४.६ टक्के राहिली तर भाव १.५४ पट होतात. दुप्पट भागिले १.५४, खरी वाढ १.३ पट. तीस टक्के, तेही व्याजावर कर लागत नसेल तर. योजना वाईट नाही, पैसा शाबूत राहतो आणि वर काही मिळते. फक्त लाखाचे दोन लाख झाले असे समजून लेकीच्या लग्नाचा आकडा त्यावर बेतणे चूक.

मार्च २०१४ ते मार्च २०२५ ही अकरा वर्षे घेऊ. सरासरी साडेसहा टक्क्यांनी ठेव फिरवत राहिलेल्याचे लाखाचे दोन लाख झाले. सोने दहा ग्रॅमला २८-२९ हजारांवरून ८८-८९ हजारांवर, तिपटीच्या थोडे वर. सेन्सेक्स २२,३८६ वरून ७७,४१५ वर, जवळजवळ साडेतीनपट, लाभांश सोडून. आणि भाव सुमारे १.७२ पट. शेअर बाजार जिंकला असे दिसते, पण याच अकरा वर्षांत तो १४ जानेवारी २०२० ला ४१,९५२ वर आणि २३ मार्चला २५,९८१ वर होता. सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के साफ. त्या मार्चमध्ये ज्याला पोरीची फी भरायची होती त्याला अकरा वर्षांची सरासरी काय कामाची? सात-आठ वर्षे ज्याकडे बघायचे नाही तोच पैसा तिथे जावा. जमिनीबद्दल एवढेच म्हणेन की तिचा भाव रोज छापून येत नाही, म्हणून ती कधी पडत नाही असे वाटते.

इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घेतो आणि महागाईप्रमाणे ती वाढावी म्हणून भांडतो. त्याने दरमहा हजाराची एसआयपी धरली आणि पंधरा वर्षे हजारच ठेवली, तर पाच टक्के महागाईत पंधरा वर्षांनंतर त्या हप्त्याची किंमत आजच्या ४८१ रुपयांएवढी उरते. मजुरीला महागाई भत्ता हवा, तर हप्त्यालाही हवा.

भिशीचेही तेच. वीस जण, पाच हजार, लाखाची भिशी. बिनव्याजी असेल तर शेवटचा नंबर लागणाऱ्याचे पैसे सरासरी साडेनऊ महिने दुसऱ्यांनी वापरले. पाच टक्के महागाईत त्याचे चार हजार गेले आणि साधारण तेवढेच पहिल्याला मिळाले. शेवटचा नंबर मागून घेणारे लोक आहेत, ‘एकदम मोठी रक्कम येते’ म्हणून. ती पहिल्यालाही तेवढीच येते.

कोणाची महागाई?

इतका वेळ ४.६ टक्के असा एकच आकडा वापरला. तो सगळ्यांना सारखा लागू नाही. २०१२ आधारवर्षाच्या निर्देशांकात ग्रामीण भागासाठी खाण्यापिण्याचा भार ५४ टक्के आणि शहरी भागासाठी ३६ टक्के. त्यातल्या ग्रामीण निर्देशांकात घरभाड्याला जागाच नव्हती. युरियाची गोणी वर्षानुवर्षे २६६ रुपये ५० पैशांवर. पोटॅश मात्र २०२० मध्ये हजाराच्या आत होते ते २०२२ मध्ये १,७०० वर गेले. ज्याचे पोर कॉलेजला आणि आई डायलिसिसवर, त्याची महागाई सरकारी आकड्यात सापडणार नाही.

आणि जिला आपण महागाई म्हणतो ती सगळी महागाई नसते. देशातल्या ग्रामीण माणसाचा महिन्याचा खर्च २०११-१२ मध्ये सरासरी १,४३० रुपये होता. २०२२-२३ मध्ये ३,७७३. अडीचपटीच्या वर. पण २०११-१२ च्याच भावांनी मोजला तर २,००८. भाव वाढले म्हणून एक भाग वाढला, आणि ४० टक्के वाढ आपण जास्त वस्तू, जास्त प्रवास, जास्त सेवा घेऊ लागलो म्हणून. प्रवासाचा वाटा ४.२ टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांच्या वर गेला, अन्नाचा ५३ वरून ४६ वर आला. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, दुचाकी आली म्हणून मुलगी अकरावीला जाऊ शकते. पण वहीत दोन रकाने हवेत. तीच वस्तू महाग झाली तो एक, नवी वस्तू घरात आली तो दुसरा. पहिल्यावर आपला इलाज चालत नाही, दुसऱ्यावर चालतो.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला आणि ठेवीचे दर खाली आले. सात टक्क्यांची पावती सव्वासहाने नव्याने करताना ठेवीदार कुरकुरले. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्के होती, २०१२ आधारवर्षाच्या मालिकेतली सर्वांत कमी. सव्वासहा टक्क्यांची ठेव त्या महिन्यात खऱ्या अर्थाने सहा टक्के देत होती. २०२०-२१ मध्ये वर्षाची ठेव पाच-सव्वापाच टक्के देत होती आणि महागाई ६.२ होती, तेव्हा पावतीवर वाढ आणि बाजारात घट होती. उसाचेही तसेच. २०२५-२६ ची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला ३५५. बारा टक्क्यांना ४१५ रुपये ५५ पैसे. वाढ ४.४ टक्केच, पण त्या ऑक्टोबरच्या महागाईच्या कितीतरी पुढे. मात्र ही महागाई उतरली ती मुख्यतः भाजीपाला आणि डाळी स्वस्त झाल्यामुळे. उसाच्या सरीत भाजीचे आंतरपीक घेणाऱ्याला एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले, आणि त्याचा ताळेबंद दिल्लीतल्या कुठल्याच निर्देशांकात निघत नाही.